पडद्यावरच्या बंदुका: खुसपटं की रास्त तक्रार?

वरणगावकर
काल एक वेब सिरीज अर्ध्यात सोडली. नाव घेत नाही, दोष तिचा एकटीचा नाही. नायक रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावतो, 'फुस्स' असा आवाज येतो आणि शेजारच्या खोलीतला पहारेकरी आरामात पेपर वाचत बसतो.

रिव्हॉल्व्हरचं फिरतं चाक आणि नळी यांच्यात बारीक फट असते. बार उडाला की गॅस आणि आवाज तिथूनही बाहेर पडतो, मग नळीच्या टोकाला काहीही बांधा. (जुन्या रशियन फौजेच्या १८९५ च्या नागांत रिव्हॉल्व्हरचं चाक पुढे सरकून ही फट बंद करतं, तो अपवाद. आपल्या हिरोकडे तो नव्हता.) पिस्तुलाला सायलेन्सर लावला तरी १६० डेसिबलचा बार फार तर १३० च्या आसपास येतो. १३० ला कान दुखतात हो!

दुसरं, गोळी लागली की माणूस काच फोडून मागे उडतो. नऊ मिलिमीटरची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटर धरा. ७० किलोच्या माणसात ती रुतून बसली तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला ४ सेंटिमीटर. शिवाय तेवढाच धक्का झाडणाऱ्यालाही बसतो, तो का नाही उडत?

आणि एके-४७. मॅगझीन ३० गोळ्यांचं, झाडण्याचा वेग मिनिटाला ६००. चाप दाबून धरला की ३ सेकंदांत खेळ खलास. आपल्याकडे अख्खी टोळी गारद होते तरी मॅगझीन भरलेलंच.

वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, काडतुसांच्या गप्पा ऐकतच वाढलो. त्यामुळे जरा जास्तच खुपतं. तुम्हाला काय वाटतं?

निवांत नाना
मला वाटतं तुम्ही सिनेमा बघूच नये. बागेत गाणं सुरू झालं की सतारवाला कुठल्या झुडपात बसलाय असं विचारता का? 'फुस्स' हा संकेत आहे. 'गुपचूप उडवला' एवढं प्रेक्षकाला कळलं की त्याचं काम झालं. माणूस काच फोडून उडतो कारण त्यात मजा येते. तुमचे ४ सेंटिमीटर दाखवले तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील.

वरणगावकर
नाना, संकेत मान्य. पण हत्याराचा नियम पाळला की काय हाती लागतं ते 'शोले'त (१९७५) बघा. गब्बरच्या हातात सहा गोळ्या, समोर माणसं तीन. तो तीन बार हवेत काढतो आणि चाक गरकन फिरवतो. मग एकेकावर चाप ओढतो, तिन्ही वेळा नुसतं खट्. तिघे वाचले, आधी गब्बर हसतो, मग सगळी टोळी हसते, आणि त्या हशातच तो तिघांना आडवं करतो.

आता हिशेब करा. झाडलेली तीन घरं सलग, भरलेली तीनही सलग. फिरवल्यावर ओळीने तीन रिकामी घरं येण्याची शक्यता सहात एक. पण ती एकदा आली की पुढची तिन्ही भरलेलीच असणार. म्हणजे टोळी हसत असताना गब्बरला पक्कं ठाऊक आहे की हातात काय उरलंय. त्या हसण्याची भीती वाटते ती या हिशेबामुळे. त्याच्या हातात न संपणारी बंदूक दिली असती तर प्रसंगच उरला नसता. माझी तक्रार एवढीच आहे: गोळ्या संपणं, कान बसणं, नेम चुकणं यातच थरार असतो, आणि हे लोक नेमकं तेच फेकून देतात.

पडद्यामागचा
मी शूटिंगच्या धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. १९९३ मध्ये 'द क्रो' सिनेमाच्या शूटिंगच्या वेळी त्यातला नट ब्रँडन ली सेटवर गोळी लागून मेला. दिखाऊ काडतुसातल्या गोळीचं टोक नळीत अडकून राहिलं होतं, नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमधून ब्लँक (नुसत्या दारूचं, गोळी नसलेलं काडतूस) झाडल्यावर ते खऱ्या गोळीसारखं सुटलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत 'रस्ट'च्या सेटवर जिवंत काडतूस आलं आणि छायाचित्रकार हेलिना हचिन्स गेल्या. त्यानंतर रबरी बंदूक आणि कॉम्प्युटरवर काढलेली आग यावर भर वाढला. मनगटाला झटका दिसत नाही, पुंगळ्या उडत नाहीत. नसू देत. एका शॉटसाठी कुणाचा जीव पणाला लावायचा नाही.

मुग्धा_ठाणे
दादा, गल्लत होतेय. खरी बंदूक मागितलीय कुणी? गोळ्या मोजायला, रिव्हॉल्व्हरचा सायलेन्सर काढून टाकायला रबरी बंदूकही चालते. हे काम लेखकाच्या टेबलावरच उरकतं, फुकटात.

डॉ. टाकेवाले
आमच्या खात्यातल्या चुका कुणीच काढल्या नाहीत! हिरोला नेहमी खांद्याला गोळी लागते, कारण खांदा म्हणजे जणू गादी. तिथून हाताची मोठी रक्तवाहिनी जाते, मज्जातंतूंचं जाळं जातं. नीट लागली तर हात कायमचा लुळा, नाहीतर माणूसच हातचा जातो. मग कुणीतरी चाकू तापवून गोळी उपसतं, ती बशीत 'टण्' पडते आणि पेशंट डोळे उघडतो. प्रत्यक्षात कित्येक गोळ्या आम्ही आतच राहू देतो. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या छातीत १९१२ मध्ये लागलेली गोळी मरेपर्यंत होती. उलट १८८१ मध्ये तिथल्याच राष्ट्राध्यक्ष गारफिल्डच्या अंगात डॉक्टर न धुतलेली बोटं घालून गोळी शोधत राहिले. जखम चिघळली आणि अडीच महिन्यांनी तो गेला.

हे नुसतं करमणुकीपुरतं राहत नाही, नाना. चकमकीची बातमी आली की 'पायावर का नाही मारली?' असं जो तो विचारतो. चौकशी व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण मांडीतली मोठी रक्तवाहिनी, फीमोरल आर्टरी, फुटली तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन दगावतो. पायाची गोळी म्हणजे छडीचा फटका, ही समजूत पडद्यानेच पक्की केलीय.

निवांत नाना
डॉक्टर, मग सगळं अचूक दाखवा आणि कमरेला गावठी कट्टा खोचून फिरणाऱ्या पोरांची मोफत शिकवणी घ्या. त्यापेक्षा चुकीचं दाखवलेलं परवडलं.

वरणगावकर
उलट, नाना. त्या पोरांना भुरळ घालतो तो खोटा कट्टा, जो कधी अडकत नाही आणि ज्याचा नेम चुकत नाही. खरा कट्टा झाडणाऱ्याच्या हातातही फुटतो. बंद खोलीत एक बार काढला तर कानात किती वेळ शिट्टी वाजत राहते ते दाखवा. बघू कितीजण कमरेला खोचतात.

पडद्यामागचा
मुग्धाताई, ते 'फुकटात' तेवढं मागे घ्या. मॅगझीन बदलायचं म्हणजे वेगळा क्लोज-अप, पुन्हा लाइट, नटाची तालीम. एडिटला लांबी वाढली की पहिली कात्री त्याच शॉटला लागते.

मुग्धा_ठाणे
नाही घेत. १९९५ च्या 'हीट'मध्ये भर रस्त्यातल्या चकमकीत मॅगझीन बदलतानाचे शॉट आहेत आणि बारांचे आवाज तिथेच, इमारतींवर आदळून येणारे, रेकॉर्ड केलेले. लोक अजूनही तीच चकमक काढून काढून बघतात. तुमच्या एडिटरला ती दाखवा, मग कात्री कुठे चालवायची ते ठरवू दे.

निवांत नाना
दाखवा, दाखवा. पण काच फोडून उडणारा माणूस ठेवा, त्याचे पैसे मी देतो.