पीटर डी ला मेअर: मालकाचा कारभारी की सभागृहाचा माणूस?

बखरवाला
इथेच परवा कुणीतरी लिहिलं की इंग्लंडच्या १३७६ च्या 'गुड पार्लमेंट' नावाने ओळखल्या जाणाऱ्या संसदेतला पीटर डी ला मेअर हा अर्ल ऑफ मार्चचा पगारी कारभारी, धन्याने पढवलं तेवढं बोलला, त्याला पहिला स्पीकर म्हणून डोक्यावर घेऊ नका. वाचल्यापासून चैन नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कारभारी होता, मान्य. त्याचा धनी, म्हणजे अर्ल ऑफ मार्च एडमंड मॉर्टिमर, आणि राजाचा मुलगा जॉन ऑफ गाँट यांचं पटत नव्हतं, तेही मान्य. पण तो दिवस डोळ्यांसमोर आणा. राजा तिसरा एडवर्ड म्हातारा, युवराज मरणपंथाला लागलेला, दरबारात गाँट बसलेला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या अष्टकोनी दालनात कॉमन्सचे, म्हणजे परगण्यांनी आणि शहरांनी पाठवलेल्या प्रतिनिधींच्या सभागृहाचे लोक एकेक करून मध्ये येऊन बोलले. पीटरने सगळ्यांचं म्हणणं नीट गोळा करून मांडलं, म्हणून तेच म्हणाले की आमच्या वतीने तूच बोल. लॉर्ड्सच्या, म्हणजे सरदारांच्या सभागृहाच्या दारात मोजक्यांना आत घेऊन बाकीच्यांना अडवलं, तर हा गाँटच्या तोंडावर म्हणाला, सगळे आत येईपर्यंत मी बोलणार नाही. आणि थांबला! हे कुठला धनी पढवतो?

मग लंडनचा व्यापारी रिचर्ड लायन्स आणि राजाचा दरबारी अधिकारी लॅटिमर यांच्यावर आरोप. राजाला कर्ज मिळालं २०,००० मार्क, तिजोरीतून परतफेड २०,००० पौंड. मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश, मधला मलिदा कुणाचा ते कळलंच. लॅटिमर विचारतो, माझ्यावर आरोप करणारा कोण? उत्तर मिळालं, आम्ही सगळे मिळून. महाभियोग, म्हणजे कॉमन्सने मिळून लॉर्ड्सपुढे चालवायचा खटला, तिथे जन्मला.

सह्यकडा
तो लेख मीच लिहिला होता. तुम्ही जिथे थांबलात, त्याच्या पुढचं मी सांगतो. नोव्हेंबरपर्यंत तुमचा पीटर नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात कैदेत. जानेवारी १३७७ च्या पार्लमेंटने गुड पार्लमेंटचं सगळं उलटवलं आणि वर माणशी चार पेन्सचा कर बसवला. लायन्सचं मुंडकं उडालं ते १३८१ च्या शेतकरी बंडात, बंडवाल्यांच्या हातून.

आणि सामान्यांचा आवाज कसला? प्लेगनंतर मजूर कमी पडले, तर याच गुड पार्लमेंटने मागणी केली की जास्त मजुरीसाठी मालक सोडून जाणाऱ्यांना पकडा, खोड्यात घाला. माझे आजोबा सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं. एका वर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांना शेजारच्या गावात दुप्पट मिळत होतं. मालकाने पंच बसवले आणि उचल फिटेपर्यंत गाव सोडायचं नाही असं ठरवून घेतलं. आजोबांची बैलजोडीसुद्धा अडकवली. त्या पंचांत एकही सालगडी नव्हता. १३७६ च्या सभागृहातही नव्हता.

काळीमाती
सालगड्याच्या नावाने मालकाला शिव्या घालणं फार सोपं झालंय. आमच्याकडे मागच्या पाच वर्षांत तीन जण उचल घेऊन गेले ते गेलेच. एक तर पेरणीच्या आदल्या रात्री. माझ्या वडिलांनी साठी उलटल्यावर स्वतः औत धरलं. मालकाचंही पोट असतं की नाही? आणि उचल घेतली म्हणजे शब्द दिला, हे तरी मानाल का?

सह्यकडा
शब्द! पाडव्याला घरात दाणा नसलेल्या माणसाने दिलेला शब्द. तुमच्या वडिलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण पैसे बुडवणारा आणि जास्त मजुरी मागणारा यांना एका दावणीला बांधू नका. आजोबांनी एक पैसा बुडवला नाही, तरी सहा महिने गावात अडकले.

काळीमाती
तसं असेल तर पंचांचं चुकलं. बैलजोडी अडकवायला नको होती. बाकी माझं म्हणणं कायम.

मीनल_रीडिंग
सालगड्यावर वेगळा धागा काढा, मी तिथे येते. पण इथला मुद्दा सुटतोय. मी त्या दालनात जाऊन आले आहे. मध्ये एकच बारीक खांब, भिंतीलगत दगडी बाक, खाली तेराव्या शतकातल्या फरशा. बाकावर बसलं की समोरच्या प्रत्येकाचा चेहरा दिसतो. तिथे उभं राहून राजाच्या मर्जीतल्या माणसांची नावं घ्यायची हे सोपं नव्हे. शिवाय परगण्याच्या प्रतिनिधीला रोजचे चार शिलिंग परगण्याचे लोक देत. पीटर तिथे हेरेफर्डशायरच्या खर्चाने बसला होता, मॉर्टिमरच्या पगारावर नाही. आणि महाभियोगाचं हेच हत्यार १७८८ मध्ये बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर उगारलं गेलं. सुटला तो १७९५ ला, पण सात वर्षं आरोपी म्हणून उभा राहिला ना?

सह्यकडा
चार शिलिंगांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. 'पढवलं तेवढं बोलला' हे मी मागे घेतो. पण ते चार शिलिंग खेड्यातल्या शेतकऱ्यांकडूनही वसूल होत, हेही लिहा.

बखरवाला
लिहितो. आणि मजुरांवरची ती मागणी मी पहिल्या प्रतिसादात गाळायला नको होती, तुमचा राग रास्त आहे. फक्त एवढं ध्यानात घ्या, राजा गेल्यावर पीटर सुटला आणि ऑक्टोबर १३७७ मध्ये कॉमन्सने पुन्हा त्यालाच बोलायला उभं केलं. कैद भोगून आलेला माणूस परत त्याच जागी उभा राहिला.

सह्यकडा
राहिला खरा. आजोबांच्या वतीने कुणी राहिलं असतं तर बैल तरी सुटले असते.