उत्तर: फिलाडेल्फियातल्या शाळेत शिकवायला जाण्याबद्दल

नमस्कार मंडळी,

यंदा दप्तरं-वह्या वाटण्याऐवजी उत्तर फिलाडेल्फियातल्या एका शाळेत चौथीच्या मुलांना वाचनात आणि गणितात मदत करायचं ठरलं आहे. पंधरा जणांनी नावं दिली आहेत, प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस जमेल. सुरुवात कुठून करायची? पाढे घ्यायचे का?

– कार्यकारिणीतर्फे

---

ताई,

आधी क्लिअरन्स, म्हणजे मुलांसोबत काम करण्याआधी लागणारे पार्श्वभूमी-तपासणीचे दाखले, कारण गाडी तिथेच अडते. पेनसिल्व्हेनियात राज्य पोलिसांचा दाखला आणि बालछळाच्या नोंदींचा दाखला सगळ्यांनाच लागतो. अर्जात ‘व्हॉलंटियर’ निवडलंत तर दोन्ही फुकट मिळतात. तिसरा एफबीआयचा, बोटांच्या ठशांचा. राज्यात सलग १० वर्षं राहिलेल्यांना कायद्याने तो माफ आहे, फक्त लेखी निवेदन द्यावं लागतं. न्यू जर्सीहून येणाऱ्यांना मात्र ठसे द्यावेच लागतील. शाळा याहून जास्त मागू शकते, तेव्हा ऑफिसात विचारून घ्या.

आपल्या लोकांचा घोळ होतो तो बालछळाच्या अर्जात. १९७५ पासूनचे सगळे पत्ते आणि एका घरात राहिलेल्या सगळ्यांची नावं त्यात भरायची असतात. भारतातलं घर, होस्टेल, इथे आल्यावरचे रूममेट, सगळं. यादी आधी कागदावर करा. अर्धवट अर्ज परत येतो. दाखले ६० महिने चालतात, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकलेलं बरं.

आता माणसांचा हिशेब. पंधरा जण म्हणून पंधरा मुलं घेऊ नका, पाचच घ्या. आठवड्यातून एकदा अर्धा तास शिकवून मागे पडलेलं मूल पुढे सरकत नाही, निदान तीनदा बसावं लागतं. म्हणजे एका मुलामागे ठरलेली तीन माणसं आणि तिघांत एकच वही. आज कुठे थांबलो, कोणता शब्द अडला, एवढ्या दोन ओळी त्या वहीत लिहायच्याच. वेळ शाळेच्या तासांतलीच मागा. सुटल्यावर धाकट्या भावंडांना घरी न्यायचं असतं, त्यामुळे मुलं गळतात. पण जेवणाची किंवा खेळाची सुट्टी घेऊ नका, मूल तुमच्यावरच रुसेल.

वाचनाला १०० शब्दांचा उतारा घ्या आणि चुका मोजा. दहापेक्षा जास्त झाल्या तर उतारा जड आहे, खालचा घ्या. पाचाच्या आत असतील तर तो मूल एकट्याने वाचू शकेल. मधला हवा. तोच उतारा त्या आठवड्यात तिन्ही दिवस वाचायचा. मूल अडखळलं की लगेच शब्द सांगू नका, मनात पाच मोजा.

आणि एक. मुलाच्या अंगावरचे वळ पाहून किंवा त्याने घरातलं काही सांगितल्यावर छळाची रास्त शंका आली, तर स्वयंसेवकालाही राज्याच्या चाईल्डलाईनला (बालछळाच्या तक्रारी घेणाऱ्या यंत्रणेला) कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. शिक्षकांना सांगितलं म्हणजे झालं, असं नाही.

---

दादांच्या मेलला जोडून, गणिताचं.

पाढे एका दमात म्हणवून घेऊ नका. नुसतं पाठ असलं की आठी साती विचारल्यावर मूल आठ एके आठपासून सुरू करतं. आधी २, ५, १०. मग ४ म्हणजे दोनाची दुप्पट, ६ म्हणजे पाचपट आणि आणखी एकपट: ६ × ७ = ३५ + ७.

खरी अडचण अपूर्णांकांत आहे. १/२ + १/३ = २/५ असं सर्रास येतं, कारण मुलाला अपूर्णांक ही एक संख्या वाटतच नाही, वर एक आणि खाली एक अशा दोन वाटतात. तिथे लसावि काढायला शिकवलात तर उत्तर बरोबर येईल, समज येणार नाही. २४ सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या कापा. एक अख्खी ठेवा, बाकीच्यांचे २, ३, ४, ६ आणि ८ समान भाग करा, प्रत्येकाचा रंग वेगळा. तीन भाग घडी घालून नीट होत नाहीत, म्हणून ८ आणि १६ सेंटिमीटरवर खुणा आधीच करून न्या. १/२ आणि १/३ चे तुकडे शेजारी ठेवून विचारा: कोणत्या रंगाचे तुकडे दोन्हींवर नेमके बसतात? सहावे भाग, तीन आणि दोन. पुढचं मूल स्वतः बोलतं.

गुणाकार-भागाकाराची आपली मांडणी लादू नका. शाळेत चौकटी आखून करतात, तीच पद्धत वर्गशिक्षिकेकडून आधी समजून घ्या. दोन पद्धतींच्या कात्रीत मूल दोन्ही विसरतं.

एप्रिलच्या शेवटी राज्याच्या परीक्षा असतात, तेव्हा वेळापत्रक विस्कटतं. सप्टेंबर आणि जूनमध्ये उकाड्यामुळे एसी नसलेल्या शाळा लवकर सोडतात. निघण्याआधी ऑफिसला फोन करत जा.