एकच पेडल दोन्हीकडे?

रोज सायकलने ऑफिस आणि अधूनमधून २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड), दोन्हीला एकच पेडल चालेल का, असं विचारलंय. शहरात मी सपाट पेडलच वापरतो. रिक्षा आडवी आली की पाय झटकन टेकतो. ब्रेव्हेला मात्र क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा; खंबाटकी घाट चढताना ओला बूट सरकत नाही. तीन बोल्टवाले रोड क्लीट नकोत, चहाला उतरलं की बदकासारखं चालावं लागतं. एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला एसपीडी (शिमानोची दोन बोल्टच्या छोट्या क्लीटची पद्धत) असं पेडल मिळतं, तेच घ्या. सोबत शिमानोची एसएच५६ क्लीट, टाच वर ओढली तरी सुटते. आणि ३ मिमीच्या ॲलन कीने क्लीट पकडून ठेवणारी पेडलची स्प्रिंग सैल करून घ्या. मी केली नव्हती. कात्रजच्या सिग्नलला बूट सुटलाच नाही, उभ्या उभ्या आडवा झालो, शेजारच्या पीएमटी बसची अख्खी खिडक्यांची रांग बघत होती.