मदत हवी आहे: घरच्यांचे पासवर्ड ठेवायला कोणतं अॅप घ्यावं?

नमस्कार मंडळी, आमच्या घरी मानेवाड्याला बँक, पीएफ, एलआयसी, लाइट बिल सगळ्यांचे पासवर्ड बाबांच्या जुन्या डायरीत आहेत आणि आता बाबाच मागे लागून राहिले की हे मोबाइलमध्ये नीट ठेवून दे.

मी दोन पाहून ठेवले. बिटवॉर्डन फुकटात मोबाइल-लॅपटॉप दोन्हीवर चालते, पण डेटा त्यांच्या सर्व्हरवर. एन्क्रिप्ट होऊनच, म्हणजे दुसऱ्याला वाचता न येईल असा जाते म्हणा, तरी 2022 मध्ये लास्टपास नावाच्या अशाच एका अॅपमधून लोकांच्या व्हॉल्टच्या (पासवर्डच्या तिजोरीच्या) कॉप्या चोरीला गेल्या तेव्हापासून आमच्या दादाला क्लाउड म्हटलं की नकोच. दुसरं कीपास, सगळं एका फाइलमध्ये आपल्याच जवळ, ती उघडायला लॅपटॉपवर कीपासएक्ससी अन् अँड्रॉइडवर कीपासडीएक्स हे अॅप, नेट पण लागत नाही, पण फाइल दोन्हीकडे सारखी ठेवणं, बॅकअप घेणं आपल्यालाच करावं लागते, म्हणजे ते माझ्याच गळ्यात पडणार बाप्पा.

तरी मला कीपासच बरं वाटते. आधार-पॅनचे स्कॅन त्यातच जोडता येतात, बिटवॉर्डनमध्ये त्याचे पैसे लागतात.

खरी अडचण मास्टर पासवर्डची, म्हणजे ज्या एका पासवर्डनं बाकी सगळे उघडतात त्याची. तो विसरला की कंपनीपण काढून देत नाही. मग तो कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवायचा का? आणि उद्या बाबा आजारी पडले तर आईला कसं उघडता येईल? बिटवॉर्डनच्या पेड प्लॅनमध्ये इमर्जन्सी ॲक्सेस (गरज पडली तर आपण नेमलेल्या माणसाला उघडता येणं) आहे म्हणे, कोणी घरी वापरून राहिलं का? वयस्कर लोकांना जमते का ते जरूर सांगा.