लूट बॉक्स : जुगार, सोडत की सोरट?

भाषांतरवाली
पालकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. विषय मोबाइल गेममधले लूट बॉक्स. पैसे भरून बंद पेटी घ्यायची, आत काय आहे ते उघडल्यावरच कळणार. मी दोन ठिकाणी सरळ 'जुगार' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे काट मारून 'नशिबावर आधारित खरेदी' असं सुचवलंय. म्हणे जुगार वाचून पालक उगाच घाबरतील, आणि कायद्याने तो जुगार नाहीच. 'नशिबावर आधारित खरेदी' असं कुणी मराठी माणूस बोलेल का? आणि मुळात लूट बॉक्सलाच काय म्हणाल?

अनुस्वार
लूटपेटी. लूट हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. स्वतःची वस्तू परत घ्यायला लाज कसली?

भाषांतरवाली
लाज नाही हो, अर्थाचा घोळ आहे. गेममध्ये लूट म्हणजे खेळाडूच्या हाती लागलेला माल. मराठीत लूटपेटी वाचलं की पेटीच मला लुटतेय असं वाटतं.

तिरफळ
मग अर्थ बरोबरच पोचला की.

घाटावरचा
पेटी राहू द्या बाजूला, मुद्दा जुगाराचा आहे. माझा भाचा नववीत आहे, बीजीएमआय हा बंदुकांचा मोबाइल गेम खेळतो. 'स्किन मिळाली' असं तो कधीच म्हणत नाही. 'मामा, ग्लेशियर लागली!' असं ओरडतो. (ग्लेशियर म्हणजे बंदुकीला चढवायचा निळापांढरा बर्फाळ रंग. त्याने गोळी जास्त जोरात लागत नाही, मी विचारलंय.) लॉटरी लागते, आकडा लागतो, म्हाडाचं घर लागतं. पोरांनी क्रियापद बरोबर निवडलंय. तपासणाऱ्यांना काय काटायचं ते काटू दे.

अनुस्वार
नोकरीही लागते. भूक लागते, ठेच लागते. सगळा जुगारच का?

घाटावरचा
नोकरीचं म्हणाल तर हो.

ब्रसेल्सकर
मी राहतो तिथे हा वाद होऊन गेलाय, म्हणून लिहितो. २०१८ च्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने फिफा १८, ओव्हरवॉच आणि सीएस:गो या तिन्ही व्हिडिओ गेममधले पैसे भरून घ्यायचे लूट बॉक्स बेकायदा ठरवले. इथला १९९९ चा कायदा चार गोष्टी बघतो : खेळ आहे का, काही पणाला लावलंय का, त्यातून कुणाचा फायदा किंवा तोटा होतो का, आणि त्यात नशिबाचा हात आहे का. जिंकलेली वस्तू बाजारात विकता आली पाहिजे अशी अटच नाही. २०१९ च्या जानेवारीत फिफा बनवणाऱ्या ईए कंपनीने इथे फिफा पॉइंट, म्हणजे त्या गेममधलं विकत घ्यायचं चलन, विकणं बंद केलं.

आता रेल्वेने दोन तास वर जा, नेदरलँड्समध्ये. तिथे जुगार ठरायला बक्षिसाला पैशात किंमत असावी लागते. तिथल्या नियामकाने त्याच कंपनीला, त्याच खेळासाठी १ कोटी युरोपर्यंतचा दंड लावला होता. २०२२ च्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. कारण असं दिलं की फुटबॉलपटूंच्या कार्डांची बंद पाकिटं उघडणं हा वेगळा खेळच नव्हे, तो मोठ्या फुटबॉलच्या खेळाचा एक भाग आहे आणि तो खेळ कौशल्याचा आहे.

शब्दाचं म्हणाल तर डचमध्ये 'कान्सस्पेल' म्हणतात. कान्स म्हणजे शक्यता, स्पेल म्हणजे खेळ. फ्रेंचमध्येही 'नशिबाचा खेळ' अशीच रचना. या शब्दांत शिवी नाही. आपल्या 'जुगार'मध्ये घर विकलेला माणूस, दारू, पोलीस असं सगळं आधीच येऊन बसलेलं असतं. तपासणाऱ्यांचं म्हणणं मला अगदीच वेडगळ वाटत नाही.

तिरफळ
शिवी असू दे की. पालकांना शिवीच ऐकू येते.

वकिली_चष्मा
कायद्याने तो जुगार नाही, असं छातीठोक सांगणाऱ्यांसाठी थोडं. आपल्याकडचा जुना कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्याचा. त्याच्या इंग्रजी मसुद्यात जुगारासाठी शब्द कोणता वापरलाय माहितेय? 'गेमिंग'. पैज आणि बेटिंग त्या 'गेमिंग'मध्ये धरलंय आणि लॉटरी चक्क वगळली आहे! म्हणजे १८८७ साली गेमिंग म्हणजे जुगार, आणि आज गेमिंग म्हणजे पोरगं खोलीत हेडफोन लावून बसलंय. बेल्जियमच्या कमिशनच्या नावात जुना अर्थ अजून टिकलाय बघा.

पुढे सगळी लढाई नशीब की कौशल्य यावर झाली. कौशल्याची स्पर्धा जुगार नव्हे असं सांगणारा १९५७ चा चमारबागवाला खटला, १९६८ ला रमी कौशल्याची ठरली, १९९६ ला घोड्यांची शर्यतही. त्या एका शब्दावर ऑनलाइन रमीवाल्यांनी इमले बांधले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा करून तो वादच काढून टाकला. खेळ नशिबाचा असो, कौशल्याचा असो की दोन्हींचा, जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे भरले आणि मोबदल्यात लाभ मिळणार असेल तर तो 'मनी गेम', आणि बंद.

तर लूट बॉक्स त्यात बसतो का? व्याख्येत 'आर्थिक आणि अन्य लाभ' असे शब्द आहेत. हा 'आणि' कसा वाचायचा? दोन्ही लाभ हवेत असं वाचलं तर बंदुकीचा रंग सुटला, कारण तो विकता येत नाही. 'आणि'चा अर्थ 'किंवा' घेतला तर रंगही आत. माझ्या मते पहिलं वाचन टिकेल, पण पैसे घेऊन मी उलट बाजूही मांडेन.

अनुस्वार
एका उभयान्वयी अव्ययावर कोट्यवधींचा धंदा! आणि शाळेत पोरं म्हणतात व्याकरण कशाला शिकायचं.

भाषांतरवाली
वकिली_चष्मा, आभार. पण मग मी लिहू काय?

तिरफळ
सोरट लिहा.

एवढा वेळ कुणीच कसं बोललं नाही? आमच्या जत्रेत मारुतीच्या देवळामागे सोरटवाला बसायचा. उभा पुठ्ठा, त्यावर घडी घातलेल्या बारक्या चिठ्ठ्या ओळीने डिंकाने चिकटवलेल्या. वरच्या बाजूला बक्षिसं दोऱ्याने टांगलेली : चाव्यांचा जुडगा, गॉगल, टिकल्यांचं पिस्तूल, आणि मधोमध सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. चार आणे दिले की एक चिठ्ठी ओढायची. काहीतरी निघायचंच, रिकामं कुणी जायचं नाही. बहुतेक वेळा फुगा. फुगा घेऊन पोरगं दोन पावलं जायचं, वर घड्याळाकडे बघायचं आणि परत खिशात हात घालायचं. लूट बॉक्स याहून वेगळा काय आहे सांगा.

आणि खरी मेख पुढे. घड्याळाची चिठ्ठी पुठ्ठ्यावर असायची की सोरटवाल्याच्या खिशात, हे कुणालाच माहीत नसायचं. आमच्यातल्या एका थोराड पोराने एकदा भर जत्रेत ते विचारलं, तर त्याला सोरटवाल्याने फुकट पिस्तूल देऊन वाटेला लावलं. चीनने २०१७ पासून गेम कंपन्यांना कुठली वस्तू निघण्याची शक्यता किती ते जाहीर करायला लावलं, ते हेच ना?

ब्रसेल्सकर
अगदी हेच. आणि आकडे वाचून पोट दुखतं. गेनशिन इम्पॅक्ट या गेममध्ये पाच ताऱ्यांचं पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे. नव्वदाव्या ओढीला मात्र नक्की देतात. खेळणारे त्याला 'पिटी' म्हणतात, म्हणजे दया!

घाटावरचा
सोरटवाला नव्वद फुग्यांनंतर दया दाखवायचा का?

तिरफळ
नव्वद फुगे घेऊन गेलं असतं तर घरी आईने दाखवली नसती.

मटारउसळ
सोरट छान शब्द, पण पुण्यामुंबईतल्या तिशीच्या आतल्या पालकांना कळणार नाही. मला स्वतःला आज कळला. आमच्या लहानपणी चीटोजच्या पाकिटात टॅझो, म्हणजे चित्रांच्या गोल चकत्या, यायचे, तेही न बघता घ्यायचे. एकेकाने शंभर शंभर जमवले. त्याला कुणी जुगार म्हटलं नाही.

वकिली_चष्मा
टॅझो नाही निघाला तरी चीटोज खायला मिळायचे. लूट बॉक्समधून टॅझो काढून घेतला तर उरतं काय?

मटारउसळ
पण तुम्हीच वर म्हणालात की विकता येत नाही तर जुगार नाही. टॅझोची तर शाळेत रीतसर विक्री चालायची.

वकिली_चष्मा
कायदा काय म्हणतो आणि मला काय वाटतं, या दोन पोस्टी वेगळ्या वाचाव्यात.

अनुस्वार
भिशीचं काय? तिथेही चिठ्ठीच निघते.

भाषांतरवाली
भिशीत नंबर पुढेमागे होतो, पैसे कुणाचेच बुडत नाहीत.

घाटावरचा
आमच्याकडे बुडाले.

पाणिनीचा_शेजारी
चर्चा भरकटण्याआधी शब्दाच्या मुळाशी जाऊ. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्पष्ट फोड आहे. निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत, प्राण्यांच्या झुंजी लावून खेळतात तो समाह्वय. लूट बॉक्स निर्जीव, म्हणून द्यूत. मोबाइल-द्यूत किंवा पेटीद्यूत असा सुटसुटीत शब्द सहज करता येतो.

तिरफळ
सुटसुटीत!

मटारउसळ
जुगाड हा जुगारवरूनच आला ना? ड आणि र बदलतात.

पाणिनीचा_शेजारी
नाही. जुगारामागे द्यूत आहे, जुगाड जुळवण्याच्या अर्थाने उत्तरेतून आपल्याकडे अलीकडे आलाय. ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही.

तिरफळ
मग सोरटचं सांगा. माझ्या मते हा पोर्तुगीज. 'सोर्त' म्हणजे नशीब. गोव्यातून वर चढला असणार.

घाटावरचा
काहीतरीच. सोरठ प्रांतातून फिरते विक्रेते यायचे, त्यांचा खेळ तो सोरट. आमच्या आजोबांनी सांगितलंय.

पाणिनीचा_शेजारी
ठ चा ट कधी झाला?

घाटावरचा
आजोबांचे दात पडले तेव्हा.

वकिली_चष्मा
व्युत्पत्ती काही असो, एक अडचण सांगतो. पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या वाचा. 'सोरट नावाचा जुगार खेळताना अमुक जण ताब्यात' असं सर्रास छापून येतं. म्हणजे तिरफळांच्या आठवणीतलं फुग्याचं सोरट आणि पोलिसी सोरट एकाच शब्दात नांदतात. भाषांतरवालींना निरुपद्रवी शब्द हवा असेल तर तो हा नव्हे.

भाषांतरवाली
मला निरुपद्रवी नकोच आहे. तो तपासणाऱ्यांना हवाय.

मटारउसळ
मग सोडत?

ब्रसेल्सकर
सोडत एकदा निघते, सर्वांसमोर निघते. अर्जदार किती, घरं किती, ते आधी कळतं. इथे रात्री दोन वाजता गोधडीत एकट्याने स्पिन मारतात. सोडत फार सभ्य होईल.

अनुस्वार
मटक्याचं उदाहरण घ्या. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर पैसे लागायचे, पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले म्हणून मटका. आज त्यात मडकं कुठे आहे? नाव टिकलं. तसंच लूट बॉक्सला आता दुसरं नाव लावायला जाऊ नका. लूट बॉक्सच लिहा आणि पुढे एक वाक्य टाका, की हा जुगारासारखा आहे.

पाणिनीचा_शेजारी
आधी तुम्हीच लूटपेटी म्हणाला होतात.

अनुस्वार
सकाळी म्हणालो होतो.

भाषांतरवाली
'जुगारासारखा' मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. त्यावर शेरा आला, 'सारखा म्हणजे नेमका कसा ते स्पष्ट करावे.' आता कंसात सोरट घालून पाठवते. 'हे सोरट' की 'ही सोरट'?

तिरफळ
ते सोरट.

घाटावरचा
आमच्याकडे ती.

पाणिनीचा_शेजारी
नपुंसकलिंगीच. त्यात मतभेदाला जागा नाही.

घाटावरचा
साताऱ्यात आहे.