मदत हवी आहे: एक व्हॉल्व्ह ॲम्प, दोन कॅब, वाजवता वाजवता पायाने बदलायच्या आहेत

तारसप्तक
५० वॉटचं मार्शल २२०४ हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आहे, ईएल३४ व्हॉल्व्हचं. कॅब, म्हणजे स्पीकरचे खोके, दोन: मार्शल १९६०ए (४ × १२, बारा इंचांचे चार स्पीकर), आणि उघड्या पाठीची १ × १२, जिच्यात सेलेस्टियनचा १६ ओहमचा व्हिंटेज ३० आहे. क्लीन गाणी उघड्या कॅबवर, डिस्टॉर्शन मोठीवर, आणि गाण्याच्या मध्येच बदलता आलं पाहिजे. गिटारचं एबीवाय पेडल (एक सिग्नल दोनपैकी एका किंवा दोन्ही वाटांना देणारं) पडून आहे. हेडचं स्पीकर आउटपुट त्यात घालून पुढे दोन्ही कॅबना दिलं तर चालेल का? पिना तर त्याच, साडेसहा मिमीच्या. नसेल चालत तर काय बनवू? सोल्डरिंग येतं.

पितळी_जॅक
पेडल अजिबात नको. पिन तीच असली तरी तारेतून जे वाहतं ते वेगळं. ५० वॉट १६ ओहमवर म्हणजे सुमारे २८ व्होल्ट आणि पावणेदोन अँपिअर. पेडलमधल्या केसाएवढ्या वायरी त्यासाठी नसतात.

पण खरा धोका वायरींचा नाही, खटक्याचा. पेडलचा खटका आधीचं कनेक्शन तोडतो, मग नवं जोडतो. मधले काही मिलिसेकंद आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भारच, म्हणजे स्पीकरच, नसतो. त्या क्षणी तुम्ही जोरात वाजवत असाल तर ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला जायला वाट नाही, प्राथमिक (व्हॉल्व्हच्या बाजूच्या) वेढ्यावर व्होल्टेज उसळतं, आणि मग व्हॉल्व्हच्या सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. प्रत्येक वेळी होईल असं नाही, म्हणूनच लोक 'माझं तर चालतंय' म्हणतात.

रॅडियल कंपनीचा हेडबोन हा तयार स्विचिंग डबाही घेऊ नका. तो दोन हेड आणि एक कॅब अशा उलट्या कामासाठी आहे.

खटका_खट
पितळींशी सहमत. स्वतः बनवायचं तर असं करा.

आधी मल्टीमीटर. दोन्ही कॅबच्या वायरीवर वेगवेगळं मोजा. १६ ओहमची कॅब डीसीवर साधारण १२ ते १३ दाखवते. १९६०ए च्या मागच्या पट्टीवर १६, ४ आणि स्टिरिओ असे पर्याय असतात. ती ४ वर राहिली असेल तर मीटर ३ च्या आसपास येईल. १६ वर आणा, हेडही १६ वर.

आता डबा. कॅब बदलताना दोन्ही कॅब क्षणभर एकत्र जोडलेल्या राहतील आणि मग पहिली सुटेल, एवढंच साधायचं आहे. १६ आणि १६ समांतर म्हणजे ८ ओहम. तेवढ्या क्षणापुरतं हेडला काहीच होत नाही.

१२ व्होल्टचे दोन रिले (विजेने ओढले जाणारे स्विच) घ्या. रिले १ मोठ्या कॅबचा, तिची तार 'नॉर्मली क्लोज' (वीज नसताना जोडलेल्या) संपर्कातून. रिले २ छोट्या कॅबचा, तार 'नॉर्मली ओपन' (वीज नसताना सुटलेल्या) मधून. रिले २ दोन पोलचाच (एकाच वेळी दोन वेगळे संपर्क बदलणारा) हवा, ८ अँपिअरचा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागितलं की आधी निळा चौकोनी रिले हातात देतात. तो एका पोलचा असतो, रिले १ साठी ठीक, रिले २ साठी नाही.

क्रम असा लावायचा: फूटस्विचमधून आलेले १२ व्होल्ट एका १एन४००७ डायोडमधून रिले २ च्या कॉइलला, आणि त्या कॉइलला समांतर १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर. रिले १ च्या कॉइलला तेच १२ व्होल्ट द्या, पण डायोडच्या अलीकडून आणि रिले २ च्या दुसऱ्या पोलच्या 'नॉर्मली ओपन' मधून. आता फूटस्विच दाबला की आधी रिले २ ओढतो, छोटी कॅब जोडली जाते, आणि त्यानंतरच रिले १ ला वीज मिळून मोठी सुटते. परत दाबला की रिले १ लगेच पडतो, मोठी जोडली जाते, आणि कपॅसिटरवर तग धरलेला रिले २ थोड्या वेळाने पडतो. डायोड विसरलात तर कपॅसिटरची वीज उलटी रिले १ कडे जाते आणि दोघांचा क्रम बिघडतो. दोन्ही कॉइलवर उलटा १एन४००७ वेगळा लावायचा आहेच.

ॲडॉप्टर निघाला तर दोन्ही रिले पडतात आणि मोठी कॅब चालू राहते. पूर्ण आवाज झेपणारी कॅब तीच, म्हणून ती या बाजूला. व्हिंटेज ३० आहे ६० वॉटचा, आणि ५० वॉटचं व्हॉल्व्ह हेड पूर्ण पिळलं की ५० च्या बरंच वर जातं. एकट्या स्पीकरवर डिस्टॉर्शन लावून आवाज वर नेऊ नका.

पितळी_जॅक
सुंदर. दोन गोष्टी जोडतो. डब्याच्या इनपुट जॅकवर २२० ओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर कायमचा समांतर लावा. संपर्क थरथरला किंवा जळला तर उसळी तो खातो. पूर्ण आवाजात त्यात साडेतीन वॉटच्या आसपास जातात, कानाला फरक कळत नाही. वायरींपासून सेंटिमीटरभर वर उचलून बसवा, तापतो. पण तो स्पीकरची जागा घेत नाही, त्याच्या भरवशावर कॅब काढून वाजवायचं नाही.

दुसरं, कॅबचे दोन्ही जॅक स्विचवाले घ्या आणि प्रत्येकाचा ब्रेक संपर्क (पिन निघाली की आपोआप जोडला जाणारा) दुसऱ्याच्या टिपला (पिनेच्या टोकाला लागणाऱ्या संपर्काला) जोडा. कुणाच्या पायाने छोटीची पिन निघाली तरी सिग्नल मोठीकडे वळतो.

डबा हेडच्या मागे राहू द्या. स्टेजच्या पुढे फक्त १२ व्होल्टची बारीक तार जाईल. स्पीकरच्या तारा १.५ चौरस मिमीच्या दोन कोरच्या, गिटारची शील्डेड केबल नको.

बेसकट्टा
धागा पळवत नाही, पण माझा बेसचा ट्रान्झिस्टर ॲम्प आहे, किमान ४ ओहम, आणि ४ ओहमच्याच दोन कॅब. हाच डबा चालेल?

खटका_खट
नाही, तुमचं गणित बरोबर उलट. ट्रान्झिस्टर ॲम्पला भार नसला तरी चालतं, पण किमानपेक्षा कमी ओहम चालत नाही. या डब्यात तुमच्या दोन कॅब क्षणभर २ ओहम होतील. एकाच रिलेचा साधा 'तोडून जोडणारा' चेंजओव्हर वापरा. आउटपुट ब्रिज्ड (स्पीकरची एकही तार ग्राउंडला नसलेलं) असेल तर दोन्ही तारा जिवंत असतात, म्हणून दोन पोलचा रिले आणि डब्यापासून इन्सुलेटेड प्लास्टिकचे जॅक.

तारसप्तक
आकृती काढून घेतली, दोघांचे आभार. दोन शंका: पेडलच्या ९ व्होल्ट ॲडॉप्टरवर रिले ओढतील का? आणि कधी दोन्ही कॅब एकत्र हव्या असतील तर?

पितळी_जॅक
९ व्होल्टवर १२ चा रिले कधी ओढतो कधी नाही, त्यात डायोड अर्धा-पाऊण व्होल्ट खातो. १२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा वेगळा ॲडॉप्टर घ्या.

दोन्हीसाठी रिले १ च्या कॉइलच्या तारेत एक छोटा टॉगल टाका. तो बंद ठेवला की रिले १ ओढतच नाही, आणि फूटस्विच दाबल्यावर मोठी सुटत नाही, छोटी नुसती वाढते. भार ८ ओहम होतो. अख्खा कार्यक्रम तसाच वाजवायचा तर हेड ८ वर घ्या. एखाद्या सोलोपुरतं असेल तर १६ वरच ठेवलं तरी एका पायरीचा फरक हे हेड सोसतं, व्हॉल्व्ह थोडे जास्त झिजतात. मात्र हेडमागचा ओहमचा सिलेक्टर फिरवायचा तो स्टँडबायवरच. तोही फिरताना मध्ये उघडा पडतो.

एकत्र वाजवण्याआधी ध्रुवता तपासा. ९ व्होल्टची बॅटरी कॅबच्या पिनेला क्षणभर लावा, टिपला धन. दोन्ही कॅबचे कोन बाहेर यायला हवेत. एकीचे आत गेले तर खालचे सूर गायब होतील. तिच्या जॅकवरच्या दोन तारा अदलाबदल करा.