मदत हवी आहे : एनएसएफ जनुकाचे प्रथिन पुटिकांचे संलयन घडवते की संलयनानंतरची गुंतागुंत सोडवते?

नमस्कार. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी पेशीतील पुटिकांच्या (पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या) वाहतुकीवर मराठीत एक टिपण लिहीत आहे आणि मानवाच्या १७व्या गुणसूत्रावरील एनएसएफ या एकाच जनुकापाशी दोन आठवडे अडकले आहे. त्याच्या अधिकृत इंग्रजी नावाचा अर्थ 'एन-एथिलमॅलिमाइडला संवेदनशील घटक, पुटिकांचे संलयन करणारे एटीपी-विकर' असा होतो. जुन्या पाठ्यपुस्तकातही हे ७४४ अमिनो आम्लांचे प्रथिन दोन पटले एकत्र आणते असेच लिहिले आहे. नव्या पुस्तकात मात्र ते प्रथिनांचा गुच्छ सोडवते असे म्हटले आहे, आणि संलयनाच्या आकृतीत त्याचा पत्ताच नाही.

मला समजलेला इतिहास असा. जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगशाळेत गॉल्जी या पेशी-अंगकाच्या पटलांवर एन-एथिलमॅलिमाइड या रसायनाची प्रक्रिया केली की वाहतूक थांबत असे आणि पुटिका साचून राहत. ताज्या पेशीद्रवातील एक घटक मिसळला की काम पुन्हा सुरू होई. हा घटक १९८८ साली शुद्ध स्वरूपात मिळाला. रँडी शेकमन यांनी यीस्टमध्ये शोधलेल्या सेक१८ या जनुकाचे प्रथिन म्हणजे त्याचाच भाऊबंद, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. आता माझी अडचण अशी की, घटक काढून घेतल्यावर पुटिका लक्ष्यापर्यंत पोहोचूनही मिसळत नसतील, तर मिसळण्याचे काम त्या घटकाचेच आहे असे मानण्यात चूक कोठे होते?

त्यातच स्नॅप-२५ आणि अल्फा-स्नॅप ही एकाच कुळातील प्रथिने आहेत का, आणि जनुकांच्या माहितीसाठ्यात दिसणारे एनएसएफपी१ हे दुसरे एनएसएफ आहे का, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद १

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो. एनएसएफपी१ हे छद्मजनुक आहे. त्याच १७व्या गुणसूत्रावर पडलेली एनएसएफच्या काही भागाची प्रत. टिपणात त्याला जागा देऊ नये.

मुख्य प्रश्नात चूक अशी होते की, एखादी गोष्ट काढल्यावर काम थांबले म्हणजे ते काम तीच करत होती, असे आपण धरून चालतो. पुटिकेवरचे सिनॅप्टोब्रेव्हिन आणि समोरच्या पटलावरची सिन्टॅक्सिन व स्नॅप-२५ यांचे मिळून चार सर्पिल धागे (स्नॅप-२५चे दोन, इतरांचा एकेक) एकमेकांना पीळ घालतात, आणि तो पीळ पडताना सुटणाऱ्या ऊर्जेवर दोन्ही पटले एकमेकांत ओढली जातात. या गुच्छाची स्फटिकरचना १९९८ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी, केवळ ही प्रथिने (यांनाच स्नेअर प्रथिने म्हणतात) बसवलेल्या कृत्रिम मेद-पुटिका एनएसएफशिवायही एकमेकींत मिसळतात, असे खुद्द रॉथमन यांच्याच गटाने दाखवले. ज्यांनी हा घटक शोधला त्यांनीच त्याच्याकडून संलयनाचे श्रेय काढून घेतले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

संलयन झाले की चारही धागे एकाच पटलावर पिळलेल्या अवस्थेत राहतात. हा पीळ किती घट्ट असतो ते प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पाहावे: इतर बहुतेक प्रथिनांची घडी मोडणाऱ्या एसडीएसमध्येही, नमुना उकळला नाही, तर गुच्छाचा पट्टा वर तसाच अखंड दिसतो, उकळला की तिन्ही प्रथिनांचे वेगळे पट्टे खाली उतरतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातला प्रकार. पेशीला उकळण्याची सोय नाही, म्हणून तेथे एनएसएफ लागते. त्याच्या सहा प्रती मिळून कडे तयार होते, आणि त्यातील डी१ भाग एटीपी (पेशीचे ऊर्जा पुरवणारे रसायन) खर्चून पीळ उलगडतो. डी२ भागाचे काम मुख्यतः सहा प्रती एकत्र धरून ठेवण्याचे.

मूळ लेखिका

आभारी आहे. तरीही एक शंका उरते. सोडवणूक संलयनानंतर होत असेल, तर एनएसएफ बंद पाडल्यावर संलयनाआधीच्या पुटिका का साचतात?

प्रतिसाद १

कारण मोकळी स्नेअर प्रथिने संपतात. मागील फेरीत वापरलेली प्रथिने पिळातच अडकून राहिली, तर नव्या पुटिकेला जोडीदार मिळत नाही आणि ती दारात थांबून राहते. फळमाशीच्या 'कोमॅटोज' या उत्परिवर्तनात एनएसएफ तापमान वाढताच निकामी होते, माशी लुळी पडते, आणि तिच्या चेतापेशींत न सुटलेले स्नेअर-गुच्छ साचलेले आढळतात. यीस्टच्या रिक्तिकांवरील १९९६च्या प्रयोगांतही सेक१८चे काम पटले एकमेकांना भिडण्यापूर्वीच उरकू शकते, असे दिसले होते. म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकाने निरीक्षण बरोबर दिले आहे. त्याचा अर्थ तेवढा चुकला.

प्रतिसाद २

नावांच्या घोळाबद्दल. अल्फा-स्नॅपमधील 'स्नॅप' म्हणजे एनएसएफला पटलाशी जोडणारे विद्राव्य प्रथिन. त्याचे जनुक नापा, १९व्या गुणसूत्रावर. स्नॅप-२५मधील 'स्नॅप' चेतासंधीशी निगडित प्रथिन या अर्थाचा आणि २५ हा आकडा किलोडाल्टनमधील वजनाचा. ते जनुक २०व्या गुणसूत्रावर. दोन्ही नावे स्वतंत्रपणे पडली आणि कुळाचा काहीही संबंध नाही. गंमत अशी की 'स्नेअर' या शब्दाचा अर्थच 'स्नॅपचा ग्राहक' असा आहे, त्यामुळे स्नॅप-२५ हे पहिल्या अर्थाच्या स्नॅपचे ग्राहक ठरते. बोट्युलिनम विषाचा ए प्रकार याच स्नॅप-२५च्या शेवटची नऊ अमिनो आम्ले छाटतो आणि स्नायूंकडे जाणारा संदेश थांबतो. टिपणात 'अल्फा-' हा उपसर्ग एकदाही गाळू नका.

मूळ लेखिका

मग वाक्य असे ठेवते : 'एनएसएफ संलयनानंतर स्नेअर-गुच्छ सोडवून त्यातील प्रथिने पुढील फेरीसाठी मोकळी करते.'

प्रतिसाद १

'अल्फा-स्नॅपच्या साहाय्याने' एवढे त्यात घालावे. एनएसएफला स्वतःहून गुच्छ धरता येत नाही. अल्फा-स्नॅप आधी गुच्छाभोवती बसते आणि मगच हे कडे त्याच्यावर चढते.